खंडेनवमीची मशीन

जीएसटीच्या नियमानुसार मालाचे बीजक तीन प्रतींत काढावे लागते: मूळ प्रत ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी आपली. लेझर प्रिंटर कागदाला शाई चिकटवतो, मारत नाही. त्यामुळे वर काय चालले आहे याचा कार्बनखालच्या कागदाला पत्ताच लागत नाही. तेथे जुना डॉट मॅट्रिक्सच हवा, जो शाईच्या फितीवर पिना आपटून एका दणक्यात तिन्ही कागदांना वठणीवर आणतो. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी जावक विभाग सांभाळतो, तेथील अशा प्रिंटरने जूनमध्ये प्राण सोडला. मी नव्याची मागणी केली, तेव्हा "पडून असलेली साधने विभागांनी आधी आपसांत वापरावीत" असे परिपत्रक माझ्या हाती ठेवण्यात आले.

पडून असलेले साधन कोठे आहे, हे मला चांगले ठाऊक होते. वरच्या मजल्यावर लेखाविभागात, खिडकीपाशी, जुन्या साडीचे आच्छादन पांघरून एप्रिल 2017 मध्ये घेतलेला एक डॉट मॅट्रिक्स बसून होता. त्याच वर्षी तेथे लेझर आला आणि तेव्हापासून याने एक अक्षरही छापले नव्हते. मात्र दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, पेढा आणि झेंडूची माळ न चुकता मिळे. राबून राबून झिजलेल्या माझ्या प्रिंटरला एवढी जाड माळ कधी आली नाही, हे मी येथे केवळ नोंदवून ठेवतो.

"आमची मशीन वापरात आहे," लेखाविभागाच्या बाई म्हणाल्या. हा वापर म्हणजे तिच्यावर ठेवलेला चहाचा ट्रे होता.

"भंगारात घातली तर काय येणार आहे तिचे?" असे मी बोलून गेलो आणि तेथेच चुकलो. बाईंनी नोंदवही उघडली. आयकराच्या हिशेबात अशा यंत्रावर दरवर्षी 40 टक्के घसारा धरतात, पण तो उरलेल्या किमतीवर. त्यामुळे 15,000 रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी 9,000 ची, दुसऱ्या वर्षी 5,400 ची, असे करत मार्च 2025 अखेर 252 रुपयांची होते, आणि पुढे कितीही वर्षे गेली तरी शून्याची काही होत नाही. "अजून मालमत्ता आहे ती," बाई म्हणाल्या, "आणि भंगाराचे म्हणाल, तर 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत उत्पादकाला, नूतनीकरण करणाऱ्याला किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यावी लागते. उचलली आणि जुन्या बाजारात नेऊन मांडली, असे चालत नाही." आठ वर्षांत जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तिच्या बाजूने एवढा कायदा उभा असेल याची मला कल्पना नव्हती.

शेवटी अर्ज करण्याचे ठरले. तीन प्रतींत. त्या मी हाताने लिहिल्या.

मशीन खाली आली ती साडीसकट. तिच्या पंचवीस पिनांच्या केबलला माझ्या नव्या संगणकात तोंडच नव्हते, म्हणून मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन जोडणीची वेगळी केबल आणली. फीत मात्र आणायची राहिली आणि त्यातून जे घडले ते मी नोकरीत कधी पाहिले नव्हते. आठ वर्षांत फितीची शाई वाळून गेली होती, पण पिनांचा जोर शाबूत होता. त्यामुळे मशीनने साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असा आक्रोश करत छापलेल्या बीजकाची वरची प्रत कोरी करकरीत आणि कार्बनखालच्या दोन्ही प्रती मोत्यांसारख्या निघाल्या. माल कोणता आणि कितीचा, हे वाहतूकदाराला कळत होते, आम्हाला कळत होते. कळत नव्हते ते फक्त पैसे देणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकीर गल्ली.

नवी फीत बसल्यावर मशीन सुरळीत चालू लागली आणि बाईंच्या फेऱ्या सुरू झाल्या. "सहज आले होते," असे म्हणून त्या झाकणावरून बोट फिरवत, बोटाकडे पाहत आणि काही न बोलता निघून जात. एकदा कागद अडकलेला त्यांच्या दृष्टीस पडला. "आमच्याकडे असताना कधी अडकला नाही," त्या म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरे होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दोन शिपाई खाली आले आणि "पूजेपुरती नेतो" म्हणून मशीन वर घेऊन गेले. मला नाही म्हणता येईना. पूजा झाली, दसरा झाला, सोमवार उजाडला, तरी मशीन येईना, तेव्हा मी वर गेलो. माळ अजून अंगावर होती. साडीचे आच्छादन धुऊन, इस्त्री करून घातलेले होते, आणि वर चहाचा ट्रे.

"बाई, बीजके खोळंबली आहेत. मशीन कधी पाठवता?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असे पाहिले की मी नकळत एक पाऊल मागे सरलो.

"अहो, पहिलीच दिवाळी आहे तिची. ती झाल्याशिवाय कशी पाठवायची?"