महिनाभर जेल, आणि पोटगी फिटली?

मंगळवारी रात्री साडेदहाला, मुलाची पोटगी थकलेल्या माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला: "ताई, वर्ष उलटून गेलं. आता काहीच मिळणार नाही ना?" खाली एक फॉरवर्ड चिकटवलेला. तो तिला आमच्या घरच्याच ग्रुपवर मिळाला होता, आमच्याच एका काकांनी टाकलेला, शेवटी हात जोडलेले. मथळा: 'पोटगीच्या ओझ्याखाली दबलेल्या बांधवांनो, कायदा समजून घ्या'.

मुद्दे सहा. महिनाभर तुरुंगात काढला की सगळी थकबाकी फिटते. वर्ष झालं की जुनी थकबाकी आपोआप बुडते. नोकरी सोडली की द्यावं लागत नाही. बायको कमावती असेल तर मुलाचा खर्च तिचा. ती मुलाला भेटू देत नसेल तर पैसे थांबवता येतात. आणि दुसऱ्या गावी राहायला गेलं की मुंबईची ऑर्डर तिथे चालत नाही.

काका, तुम्हीही वाचत असाल तर बरंच आहे.

पहिल्या मुद्द्यावर जरा वेळ घालवते, कारण इतका निर्लज्ज खोटेपणा मी तरी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. कायदा काय म्हणतो? फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४. सबळ कारण नसताना पैसे थकवले की कोर्ट आधी वसुलीचं वॉरंट काढतं, दंड वसूल करतात तसं. त्यातूनही रक्कम वसूल झाली नाही तर कैद, जास्तीत जास्त महिनाभर, किंवा पैसे भरेपर्यंत, जे आधी होईल ते. भरले की सुटका. ती कैद कशासाठी आहे हे या एका वाक्यातच आलं. शंका उरायला नको म्हणून कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग हा सुप्रीम कोर्टाचा १९८८ चा निकाल आहे: तुरुंगात पाठवणं हा वसुलीचा एक मार्ग झाला, त्याने देणं फिटत नाही. छत्तीस वर्षांहून जुना निकाल आहे हो. वीजबिल थकलं म्हणून मीटर कापलं, तर काका, मागचं बिल माफ होतं का? कलमात महिनाभराची मर्यादा लिहिलेली आहे, तेवढं मान्य. पण तो माणूस बाहेर येतो तेव्हा रक्कम होती तिथेच असते.

शिवाय जेल हा एकच रस्ता नाही. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोटगीचा आदेश दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या डिक्रीसारखाही (हुकूमनाम्यासारखाही) वसूल करता येतो. म्हणजे दरखास्त (वसुलीसाठी कोर्टात अर्ज), जप्ती, आणि नोकरदाराच्या बाबतीत पगार जप्ती. इथे एक तपशील त्या बांधवांना कोणीतरी कळवा. साध्या कर्जाच्या डिक्रीत पगाराचा बराच मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या डिक्रीत सुरक्षित असतो फक्त एक तृतीयांश. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०, पाहून घ्या.

आता वर्षाचा मुद्दा. इथे दात-ओठ खात कबूल करते: अर्धं खरं आहे. वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पण हे वर्ष प्रत्येक महिन्याच्या हप्त्यासाठी वेगळं मोजायचं. बहिणीचंच घ्या. मुलासाठी दरमहा ८,००० ची ऑर्डर आहे, १९ महिने थकले, म्हणजे १,५२,०००. तिने आज अर्ज दिला तर मागच्या १२ महिन्यांचे ९६,००० वॉरंटच्या टप्प्यात येतात. उरलेले ५६,०००? ते बुडाले असं फॉरवर्ड म्हणतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, पूनगोडी विरुद्ध थंगवेल, २०१३: वर्षाच्या मुदतीने हक्क संपत नाही, फक्त हा झटपट मार्ग बंद होतो, दिवाणी मार्ग उरतो. तो लांबचा आणि कटकटीचा आहे, हे खोटं सांगणार नाही. आणि एकदा अर्ज वेळेत दाखल झाला की पुढे थकत जाणाऱ्या महिन्यांसाठी दर वेळी नवा अर्ज लागत नाही, तेही २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.

आता गंमत बघा. हा मेसेज वाचून ती आणखी चार महिने गप्प बसली असती, तर चार हप्ते म्हणजे ३२,००० आणखी त्या लांबच्या वाटेवर गेले असते. 'बांधवांनो' लिहिलंय खरं, पण नुकसान करतोय तो तिचं. बांधवाला काही करायचंच नाहीये, तिने काही करू नये एवढंच पुरे.

बाकीचे भराभर. नोकरी नाही: धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायको-मुलांना पोसायचं, असं सुप्रीम कोर्ट २०२२ मध्ये म्हणालंय, आणि उत्पन्न लपवणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायची सक्ती वर सांगितलेल्या २०२० च्या निकालानेच आणली. बायको कमावती: खर्चाचा वाटा ठरवताना तिची कमाई मोजली जाते, ते योग्यच आहे. पण 'वाटा ठरतो' आणि 'बापाची सुटका होते' यात फरक आहे. आमची बहीण शिकवण्या घेते. पोराची शाळेची फी, व्हॅन आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची फी त्यातून भागत नाही, हे काकांनाही माहीत आहे. गेल्या दिवाळीला त्याच्या चष्म्याची काडी सेलोटेपने जोडलेली पाहून तेच हळहळले होते.

भेटीचा प्रश्न खरा असू शकतो. काही आया अडवतात, मी पाहिलंय. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातच आई-वडिलांनी मुलांना भेटायची सोय आहे. पण पोराची फी रोखून त्याच्याच आईशी हिशेब चुकता करायचा? पैसे पोराचे आहेत, तिचे नाहीत. दुसरं गाव: तो माणूस जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडूनही ऑर्डरची अंमलबजावणी करून घेता येते, कायद्यात स्पष्ट कलम आहे. हा मुद्दा लिहिणाऱ्याने नकाशावरूनच काढला असावा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून ती थांबली होती, तेही सांगून टाकते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा फॉरवर्ड कोणी करत नाही.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं: "काका, हे चूक आहे, फोन करते." फोनवर ते म्हणाले, "अगं, मी वाचलंच नव्हतं, आलं तसं पुढे ढकललं." मग त्यांनी तो डिलीट केला, पण 'माझ्यासाठी' डिलीट. ग्रुपवर तो अजून आहे.

बहीण आज बँकेत जाऊन दोन वर्षांचं स्टेटमेंट छापून आली. रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी बसलो. ती पिवळ्या पेनाने आलेले हप्ते रंगवत होती, पोरगा शेजारी बसून महिन्यांची नावं वाचत होता. पाच ओळी पिवळ्या झाल्या. मग त्याने विचारलं, पेन संपलं का.