रिकाम्या चेंबरने रिव्हॉल्व्हर सुरक्षित होत नाही

"मुलीला कॉलेजला पाठवताना पर्समध्ये छोटं रिव्हॉल्व्हर द्या" हा मेसेज फिरत फिरत माझ्या बहिणीपर्यंत पोचला आणि तिला तो पटायलाही लागला. म्हणून हे तातडीने.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य: "हॅमरखालचं चेंबर रिकामं ठेवा, चुकून चाप ओढला गेला तरी पहिला बार फुकट जातो." (हॅमर म्हणजे काडतूस फोडायला मागून आपटणारी हातोडी, चेंबर म्हणजे काडतूस बसतं ते घर.) साफ खोटं. चाप ओढला की आधी सिलिंडर, म्हणजे ही घरं असलेलं गोल नळकांडं, फिरतो, सहा चेंबर असतील तर ६० अंश, म्हणजे बरोबर एक घर. रिकामं चेंबर बाजूला जातं, शेजारचं भरलेलं काडतूस फोडणाऱ्या पिनसमोर येतं आणि मग हॅमर पडतो. पहिल्याच ओढीला गोळी सुटते! रिकाम्या चेंबरचा उपयोग एवढाच, की हॅमर अडवणारी सोय नसलेलं जुनं रिव्हॉल्व्हर पडून हॅमरवर आपटलं तरी बार उडत नाही. घरातल्या पोराच्या हाती ते लागलं, तर त्या पोराला यातून काडीचं संरक्षण नाही.

"वजन कमी, म्हणून धक्का कमी." उलट आहे. कानपूरचं 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर (२०१४) टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. तेच काडतूस जड रिव्हॉल्व्हरमधून कमी धक्का देतं. 'निर्भीक'चं .३२ बोअरचं (नळीच्या मापाचं) काडतूस मुळातच सौम्य, म्हणून निभावतं. खरी अडचण चापाची. लहान रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर आधी न चढवता चाप ओढायला साधारण साडेचार-पाच किलो जोर लागतो, आणि तेवढ्यात आखूड नळी हलते. निवडताना रिकामं असल्याची खात्री करून, दुकानदाराला विचारून, सुरक्षित दिशेला धरून सलग सहा वेळा चाप ओढून बघा. पकड सरकली किंवा नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी डगमगली, तर ते तुमच्या हाताचं नाही.

"जॅम होत नाही" हे अर्धं खरं, मान्य. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचं येतं. पण प्रायमर (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) वर आलेलं काडतूस मागे घासलं किंवा एक्स्ट्रॅक्टरखाली (उडालेली काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) कचरा बसला, की सिलिंडर अडकतो. ते रस्त्यात उभ्या उभ्या सुटत नाही. पर्समध्ये तर हॅमर अस्तरात गुंततो, चापाच्या कडीत किल्ली शिरते, आणि चोर आधी पर्सच ओढतो. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर (रिव्हॉल्व्हरचं म्यान) अंगावरच हवं.

"वडिलांचं लायसन्स चालतं." नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३: दुसऱ्याचं शस्त्र त्याच्या गैरहजेरीत फक्त त्याच्या लेखी परवानगीने, दुरुस्तीला, लायसन्सच्या नूतनीकरणाला किंवा त्या लायसन्सधारकाच्याच वापरासाठी नेता येतं. स्वतःचं लायसन्स काढायचं म्हटलं तर कलम ९ प्रमाणे वय २१ हवं. कॉलेजातल्या बहुतेक मुली इथेच बाद. आणि हक्क आहे की नाही हे न पाहता दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणं हा कलम २९ खाली देणाऱ्याचा गुन्हा आहे, मग देणारी आई का असेना.