दाणा फिरंगच्या पाण्यानं मुतखडा विरघळत नाही

उन्हाळा लागला की गावागावांच्या व्हॉट्सॲपवर हा मजकूर फिरतो: “दाणा फिरंग आणि पन्ना, दोन्ही हिरवे, गुण एकच. लिंबू पिळलेल्या पाण्यात खडा रात्रभर ठेवा, सकाळी उपाशीपोटी प्या. पंधरा दिवसांत मुतखडा विरघळतो.”

“गुण एकच.” रंग सोडला तर काहीच एक नाही. दाणा फिरंग म्हणजे मॅलाकाइट, तांब्याचं कार्बोनेट. कठीणपणा (1 ते 10 च्या मोह्स मापावर) 3.5 ते 4, सुरीच्या टोकानंही चरा पडतो. फिकट-गडद पट्टे, आरपार दिसत नाही, वजन पाण्याच्या जवळपास चौपट. पन्ना बेरिल नावाच्या खनिजाचा, कठीणपणा 7.5 ते 8, वजन पावणेतीन पट, सुरी चालत नाही.

“पाण्यात गुण उतरतो.” पन्न्यातून काहीच उतरत नाही. उलट बहुतेक पन्न्यांच्या भेगांत तेल भरलेलं असतं. गरम पाण्यानं, साबणानं ते निघालं की भेगा उघड्या पडतात. मॅलाकाइटमधून मात्र उतरतं, ते तांबं, आणि लिंबाच्या आंबटानं जास्तच.

वरुड-मोर्शी-काटोलच्या संत्रा बागायतदारांना हे लवकर समजेल. 1 टक्का बोर्डो मिश्रणात (बुरशीनाशक फवारा) 1 किलो मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. फवारणीआधी त्यात विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, अजून चुना घालायचा. नाहीतर पानं जळतात. संत्र्याच्या पानाला न सोसणारं तेच मोकळं तांबं इथे माणसाला उपाशीपोटी पाजताहेत! पिण्याच्या पाण्यात तांब्याची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे. खडा किती सोडतो, हे घरी मोजता येत नाही. जास्त झालं की मळमळ, उलट्या, पोटात मुरडा; रोज घेत राहिलं तर यकृतावर ताण.

“मुतखडा विरघळतो.” बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते औषधानंही विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचा खडा विरघळू शकतो, पण डॉक्टरांच्या औषधानं लघवीची आम्लता कमी करून.

“आमच्याकडे गुण आला.” 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप पडतात. त्यात माणूस उपाय म्हणून पाणीही जास्त पितो. श्रेय दगडाला जातं.

त्या मजकुरातलं लिंबू तेवढं कामाचं आहे, त्यातलं सायट्रेट खडा बनू देत नाही. दगड काढा, लिंबूपाणी ठेवा, मीठ-साखर बेताची. दिवसाला 2 ते 2.5 लिटर लघवी व्हायला हवी. मे महिन्यात वावरात घाम गळतो, तेव्हा 3 लिटर पाणीही अपुरं पडतं; लघवी गडद पिवळी दिसली की समजा पाणी कमी झालं. लोणचं-पापड कमी करा, दूध-दही मात्र बंद करू नका: जेवणातलं कॅल्शियम हे अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं.

कंबरेच्या कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी थांबली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अडकलेल्या खड्यामागे पू झाला तर मूत्रपिंडच काय, जीवही जाऊ शकतो.