उल्हासनगरच्या इमारती ‘कायद्यानं अधिकृत झाल्या’, हे खरं नाही

“2006 च्या कायद्यानं उल्हासनगरातली सगळी जुनी बांधकामं अधिकृत झाली. निर्वासितांचं शहर म्हणून एकट्या उल्हासनगरला ही माफी मिळाली. आता बिनधास्त घर घ्या.” फ्लॅटच्या जाहिरातींसोबत असा मजकूर सर्रास फिरतो आहे. घर घेणाऱ्याचा यात घात होतो, म्हणून हे लिहितोय.

बांधकामं आपोआप अधिकृत झाली, हे चूक. उच्च न्यायालयानं 855 बेकायदा इमारती पाडायला सांगितल्यावर विधिमंडळानं हा कायदा केला. 1 जानेवारी 2005 पूर्वीच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली, एवढंच. अर्ज करायचा, छाननी व्हायची, दंड भरायचा, मग हातात डी फॉर्म, म्हणजे बांधकाम नियमित झाल्याचा दाखला. बहुतेक इमारती तिथवर पोचल्याच नाहीत. विकणारा घरपट्टीची पावती पुढे करील. ती घेऊन काय करायचं? घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते. डी फॉर्मच मागा.

‘एकट्या उल्हासनगरला’ हेही खोटं. 2006 चा कायदा या शहरापुरता, पण अशी वाट इतरांनाही मिळाली. जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून केलेल्या बांधकामांसाठीचा, राज्यभराचा गुंठेवारी कायदा 2001 चा आहे. 2017 मध्ये नगररचना कायद्यात कलम 52 अ आलं, ते 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी, तेही राज्यभर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली. पाच-पाच मजली इमारती फार नंतरच्या, बिल्डरांनी बांधून विकलेल्या. त्यावरून एका समाजाकडे बोट दाखवणं अन्यायाचं आहे.

आणि ‘बिनधास्त’? वाढीव एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानानं जास्त बांधकाम), इमारतीभोवती न सोडलेली मोकळी जागा, हे सगळं कायदा दंड घेऊन माफ करू शकतो. स्लॅबची ताकद त्यानं वाढत नाही. 28 मे 2021 च्या रात्री नेहरू चौकाजवळच्या साई सिद्धी इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब फोडत थेट तळाशी गेला. सात माणसं गेली. इमारत नव्वदच्या दशकातली. त्या काळात इथं वालवा नावाच्या निकृष्ट रेतीत कितीतरी इमारती उभ्या राहिल्या; त्यांच्या छताला पोपडे धरलेत, सळया गंजून उघड्या पडल्यात. रंगाचा ताजा हात दिसला, तर छताकडे आधी बघा.

डी फॉर्म असला तरी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल कोणत्या वर्षाचा, तो विचारा. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, तेही बघा. ती बिल्डरच्याच नावावर असेल तर उद्या इमारत धोकादायक ठरल्यावर पुनर्विकास तिथंच अडतो आणि घर रिकामं करून भाड्यानं राहायची वेळ तुमच्यावर येते.