‘निष्काळजी पालक’ हा शब्द मला मान्य नाही

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून चार दिवस झाले. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून लगेच लिहायला बसले नाही. नंतर पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की तुम्ही लिहिलेलं निम्मं तरी खरं आहे, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या तालुक्यातल्या एका मुलीबद्दल मी लिहिलं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आईवडील ऊसतोडीला जातात. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, तिचा शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत गेला नाही. कॉलेजने पूर्ण फी मागितली आणि ती भरेपर्यंत मूळ गुणपत्रिका मिळणार नाही असं सांगितलं.

त्यावर तुम्ही लिहिलंत, की तुम्ही ३१ वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, अधीक्षक म्हणून निवृत्त झालात. मुदत दोन-दोनदा वाढते तरी पालक शेवटच्या दिवशी उगवतात. कॅफेवाल्याच्या हातात पैसे टेकवले की आपलं काम संपलं असं समजतात. उत्पन्नाचे खोटे दाखले आणतात. खात्यावर पैसे आले की कॉलेजला न भरता खर्चून टाकतात. मुलींना तर आता सगळं मोफतच आहे. आणि शेवटी, ‘आम्ही कमवा आणि शिकामध्ये बागेला पाणी घालून शिकलो. तुम्ही निष्काळजीपणाला गरिबीचं नाव देता आणि शिव्या मात्र क्लार्क खातो.’

आधी क्लार्कचं. इथे माझं चुकलं. ‘अर्ज क्लार्कच्या टेबलावर धूळ खात पडतात’ असं मी लिहिलं होतं, ते वाक्य आता काढलं आहे. अर्ज टेबलावर नसतात, लॉगिनमध्ये असतात, आणि त्या लॉगिनमागे बहुतेक कॉलेजांत एकच माणूस असतो. हजारभर अर्ज. प्रत्येकाचा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मागच्या वर्षीची गुणपत्रिका उघडून बघायची. दिवसा साइट चालत नाही म्हणून रात्री घरून करायचं. आमच्याच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातला माणूस दिवाळीच्या पाडव्याला अर्ज तपासत बसलेला मी पाहिला आहे. ते लिहिताना मला आठवायला हवं होतं.

पण ‘निष्काळजी’ हा शब्द मात्र मी मान्य करणार नाही, आणि का ते, ती मुलगी अर्ज भरायला माझ्याकडे आली त्या रविवारचंच सांगते. मागच्या लेखात मी ते दोन ओळींत उरकलं होतं.

मुलगी सकाळी दहाला माझ्या घरी आली. सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत, क्रमाने लावलेली. मुदतीला नऊ दिवस बाकी होते, म्हणजे शेवटचा दिवस नव्हताच. लॉगिन झालं, आधार पडताळणीला ओटीपी गेला. तो गेला वडिलांच्या फोनवर, कारण ती चौथीत असताना आधार काढलं तेव्हा घरात तोच एक नंबर होता. वडील बेळगावकडच्या एका फडात. फोन बटणांचा, आणि तो कोपीवर, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, नऊ वर्षांच्या भावाजवळ. फडात फोन नेला तर पाचटात पडतो, म्हणून.

ही त्याला फोन लावते, सांगते, मेसेज वाच. तो म्हणतो, आला नाही. रेंज येते तेव्हा तीन मेसेज एकदम पडतात. त्यातला कुठला ताजा, हे नऊ वर्षांच्या पोराला काय कळणार? त्याने खालचा वाचला, तो जुना. आकडा चुकला. परत पाठवला, तोवर वेळ संपली. परत. तीनदा चुकल्यावर साइटने थांबायला सांगितलं. मधेच भावाच्या फोनची बॅटरी उतरली. चार्जिंग मुकादमाच्या, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराच्या, ट्रॅक्टरजवळ, आणि ट्रॅक्टर कारखान्यावर गेलेला.

तुम्ही म्हणाल, अंगठा लावायची सोय असते. असते. सोमवारी ती तालुक्याच्या केंद्रावर गेली, तासिका बुडवून. सुट्टीत तीही कोयता धरते, सर. बोटांची सालं निघालेली होती. दोनदा लावला, जुळला नाही. केंद्रवाला म्हणाला, हाताला तेल लाव आणि चार दिवसांनी ये.

चार दिवसांनी साइट बंद. मग आधारवरचा नंबर बदलायला टाकला, तो बदलून यायला दिवस लागतात. मुदत वाढेल असं सगळेच म्हणत होते, तुमच्याच भाषेत ‘दोन-दोनदा वाढते’. त्या वेळी वाढली, पण वाढल्याचं कळलं तेव्हा तिची अंतर्गत परीक्षा चालू होती आणि मीही गावाला होते. त्यात माझाही दोष आहे.

यात निष्काळजी कोण, ते मला खरंच दाखवून द्या. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. अर्जांची धावपळही नेमकी त्याच महिन्यांत असते. बीड, आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूर इथली गावंच्या गावं तेव्हा रिकामी असतात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. ज्या कुटुंबांना शिष्यवृत्तीची सगळ्यात जास्त गरज, ती कुटुंबं अर्जाच्या काळात जिल्ह्यातच नसतात.

उत्पन्नाच्या दाखल्यांबद्दल तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. बारा एकर बागायत, दारात ट्रॅक्टर आणि दाखल्यावर साठ हजार, असे दाखले मीही पाहिले. त्याच बाकावर बसणाऱ्या शिपायाच्या मुलाच्या बापाला मात्र फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, लावावा लागतो, त्याला एक रुपया लपवता येत नाही. चीड येते. पण ऊसतोड कुटुंबाचं उत्पन्न कसं मोजायचं, तेही बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती एकरकमी हातात येते आणि मग सहा महिने तोडून फेडायची असते. काही वर्षी फिटते, काही वर्षी अंगावर बाकी राहते. ही उचल उत्पन्न की कर्ज? तलाठी अंदाजाने एक आकडा लिहितो, तहसीलदारांची सही होते, आणि तो दाखला ३१ मार्चला संपतो. जूनमध्ये सेतूच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून. खोटा दाखला आणणाऱ्याला हे काहीच जड जात नाही, त्याच्याकडे माणसं असतात. अडकतो तो खरा दाखला आणणारा.

आता खात्यावर आलेल्या पैशांचं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. तुम्ही म्हणता मुलं भरत नाहीत. काही भरत नाहीत, खरं आहे. पण मी एका मुलाचं सांगते. तो दीड वर्ष सांगत होता की पैसे आलेच नाहीत आणि कॉलेज म्हणत होतं, पोर्टलवर जमा दिसतात, पोरगा खोटं बोलतो. बँकेत विचारलं तर, ‘आधार लिंक आहे की तुमचं.’ मग एक दिवस आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर त्याचं बँक सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी कुठली बँक जोडली आहे ते, बघितलं, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन त्याच्या नावावर खातं उघडलं होतं, आणि पैसे तिकडे. दीड वर्ष पोरगा खोटारडा ठरला.

वाचणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवा: खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सीडिंग असणं वेगळं. सरकारी पैसा सीडिंग असलेल्या एकाच खात्यावर जातो, आणि शेवटी जिथे सीडिंग झालं तेच खातं धरलं जातं. फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहिला तरी. अर्ज भरायच्या आधी हे बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि नावही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, असं असेल तर मूल शाळा सोडून कॉलेजला जायच्या आत दुरुस्त करून घ्या.

मुलींना सगळं मोफत, हे मात्र बरोबर नाही, सर. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मी काढून वाचला. तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. निर्णय चांगलाच आहे. माझ्या दोन विद्यार्थिनी त्यामुळे आज इंजिनिअरिंगला आहेत. पण साधं बी.एस्सी. करणारी मुलगी त्यात बसत नाही. मेस, खोली, एसटीचा पास, जर्नल, हे त्या निर्णयात माफ होत नाही. आणि ज्यांना माफी आहे त्यांनाही अर्ज त्याच पोर्टलवर, त्याच ओटीपीने करावा लागतो. ‘मोफत’ हा शब्द गावात पोचतो, फॉर्म भरायचा असतो हे पोचत नाही. मग जानेवारीत कॉलेज फी मागतं आणि बाप म्हणतो, सरकारने तर माफ केली ना?

कमवा आणि शिकाबद्दल मला आदरच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याच्या कॉलेजात ती योजना सुरू केली, माझे सासरे त्याच वळणाच्या वसतिगृहात राहून शिक्षक झाले. त्यांनी खोरं धरलेलं आहे. पण तिथे घाम गाळला की ताटात भाकरी पडायची, काम केल्याचा पुरावा ते कामच असायचं. माझी ही मुलगी कामाला कधीच कमी पडली नाही. तिला काम सांगणारं कुणी नाही, पुरावा मागणारे सगळे आहेत.

गुणपत्रिका अडवण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि मला तुमच्याकडून नेमकं त्याचंच उत्तर हवं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत सांगितलं आहे की कॉलेजांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत. तरी हे होतं. फीची वसुली करायला कॉलेजकडे दुसरा मार्ग नसतो, हे मलाही समजतं, शिष्यवृत्तीचे हप्ते शासनाकडून वेळेवर येत नाहीत तेव्हा तुमचीही कोंडी होत असणार. पण मग त्या कोंडीचा भार एकोणीस वर्षांच्या मुलीवर टाकायचा का? तुमच्या ३१ वर्षांत तुम्ही काय करायचात? हे मी टोचून विचारत नाही. ऑफिसच्या आतून या गोष्टी कशा सुटतात ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत आहे.

आणि म्हणून एक मागणं आहे. मी दर रविवारी दहा ते दोन घरी बसते. दहा-पंधरा मुलं येतात. मला फॉर्म भरता येतो, पण अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून परत आला की त्रुटी नेमकी कुठे आहे हे ओळखायला मला अर्धा दिवस लागतो. तुम्ही ते दोन मिनिटांत सांगाल. तुम्ही आमच्यापासून तासाभराच्या एसटीवर आहात असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं. महिन्यातला एक रविवार द्याल का? निष्काळजी पालक भेटले तर त्यांना माझ्यासमोर बोला, मी अडवणार नाही.

मुलीचं सांगायचं राहिलं. आधारवरचा नंबर आता तिचा स्वतःचा आहे. जुनी फी वडिलांनी मुकादमाकडून वाढीव उचल घेऊन भरली आणि गुणपत्रिका मिळाली. या वर्षीचा अर्ज क्लार्कच्या लॉगिनमधून पुढे गेला, काल संध्याकाळी बघितला तेव्हा प्राचार्यांच्या लॉगिनला होता.