रबर किट टाकलं की झालं?

जुन्या जीपवाल्यांच्या कोल्हापुरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "ब्रेकचा मास्टर सिलिंडर नवा घेणं म्हणजे पैशाचा चुराडा. बाहेर गळत नसेल तर तो चांगलाच. गळला तर किट टाका, आतून पॉलिश पेपर मारा. ऑईल कुठलंही चालतंय. हवा काढायला पेडल तळापर्यंत हाणा." मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की आतल्या पिस्टननं ब्रेक ऑईल चाकांकडं ढकलणारी नळी, आणि किट म्हणजे तिच्या आतले रबरी वॉशर. मेसेज लिहिणाऱ्यानं गगनबावड्याहून करूळ घाट एकदा उतरून बघावा.

बाहेर गळत नाही म्हणून सिलिंडर चांगला? इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला आणि चाकांना, पायपांना कुठं ओल नसेल, तर आतल्या वॉशरवरून ऑईल मागं पळतंय. ऑईलच्या डबीतली पातळी जागच्या जागी, म्हणूनच माणूस फसतो. बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) गाडीत मागचा वॉशर गेला तर ऑईल बूस्टरच्या पोटात जातं. जमिनीवर थेंब नाही. नट काढून सिलिंडर जरा पुढं ओढला की ओली कड दिसते.

किटचं म्हणणं अर्धं खरं. मीही आधी किटच टाकलं होतं. दोन महिन्यांत पेडल पुन्हा बसायला लागलं. उद्यमनगरात मिस्त्रीनं बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, पुसून आत टॉर्च मारली, तर सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढतं, आणि माझी जीप अख्खा पावसाळा उभीच होती. नवा वॉशर त्या खड्ड्यांवर घासून फाटला होता. बोअर गुळगुळीत असेल तर किट बिनधास्त टाका. बिडाच्या बोअरला हलका होनही (बारीक दगडानं घासणं) चालतो, मापात. ॲल्युमिनियमच्या बोअरवर मात्र बहुधा कडक थर असतो, पॉलिश पेपरनं नेमका तोच जातो.

"कुठलंही ऑईल" तर निव्वळ वेडेपणा. डॉट 3 किंवा 4 दर्जाचं ब्रेक ऑईल सांगितलेल्या गाडीत इंजिन ऑईल पडलं की रबर फुगतं, ब्रेक पकडून राहतात. मग चाकांचे सिलिंडर, होज, सगळंच बदला.

राहिलं ऑईलमधली हवा काढायला पेडल तळापर्यंत हाणणं. रोजच्या ब्रेकला पिस्टन बोअरच्या पुढच्या टोकापर्यंत जातच नाही, तिथं वर्षानुवर्षांचा गंज साचलेला असतो. वॉशर त्यावर गेला की त्याचा ओठ, म्हणजे रबरी कड, कापलाच. हवा काढताना मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.