पावणेचार रुपयांचा केकवाद

रव्याच्या केकला गोडी साखरेने येते की भांडणाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मिश्रण भिजलं रे भिजलं की घरात दोन पक्ष पडतात: गॅसवरचा कुकर आणि विजेचा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल. दोघांचा दावा एकच, आमच्यात पैसे वाचतात.

तर हिशोबच मांडू. १५०० वॅटचा ओटीजी आधी दहा मिनिटं तापायला पाव युनिट खातो. पुढच्या चाळीस मिनिटांत थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या खटक्याने, निम्मा वेळ तापणारे रॉड बंद ठेवले, तर आणखी अर्धा. युनिट दहा रुपयांना धरा, झाले साडेसात. कुकर मंद आचेवर पाऊण तासाच्या वर, म्हणजे धरा ६० ग्रॅम गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर पावणेचार. फरकही तेवढाच. एवढ्यात कोथिंबिरीची जुडी सोडा, काडीही येत नाही.

खरं रडगाणं दुरुस्तीचं. कुकरपक्ष म्हणतो, आमच्यात बिघडायला आहेच काय? शिट्टी आणि रबरी रिंग काढली, तळाला दोन वाट्या मीठ पसरलं, वर जाळी ठेवली, तर नाही बिघडत. पण रिंग विसरली की ती कडक होते आणि दुसऱ्या दिवशी वरणाची वाफ कडेने पळते. मिठाशिवाय कोरडा तापवला की ॲल्युमिनियमचा तळ फुगतो, मग कुकर शेगडीवर बसत नाही, डुलतो. शिवाय आच फक्त खालून. केक खाली करपट, वर आजारी.

ओटीजीचा मान वरमाईचा. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचं आसन लागतं. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि आपण त्याला मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवतो. आधी प्लगची पिन काळी पडते, मग वास येतो. खालचे दोन्ही रॉड एकदम थंड पडले, तर दोन्ही विकत आणायची घाई नको. बऱ्याच ओटीजींत ते एकामागे एक जोडलेले असतात. एक तुटला की दुसरा बिनकामाचा बसतो. प्लग काढा, थंड होऊ द्या, एकेक रॉड सुटा करून मल्टिमीटर, म्हणजे विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजणारं यंत्र, लावा. ७५० वॅटच्या जोडीतला चांगला रॉड ३५ ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेल्याचा आकडाच येत नाही.

थर्मोस्टॅट चिकटला तर रॉड बंदच होत नाहीत आणि केकची वीट होते. समजा त्या दुरुस्तीला ५०० गेले, तर केकमागे पावणेचाराच्या फरकाने तेवढे व्हायला १३३ केक. महिन्याला एक म्हटलं तरी अकरा वर्षं.

आणि सॉकेट बदलायला आलेला वायरमन "बोर्डच बदलावा लागेल" म्हणाला, तर तो खर्च केकच्या खात्यात टाकायचा की चहाच्या किटलीच्या, हा खटला घरोघरी प्रलंबित आहे.